कंजूष, साहेब आणि गोडबोल्या

१

नानांचे शेअर विकले गेले, तेव्हा नाना ऑपरेशनच्या टेबलावर आडवे पडले होते. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघत होता. त्या घटकेला ज्या माणसाला मान हलवायचीसुद्धा परवानगी नव्हती, त्याच्या एका ब्रोकरकडच्या खात्यातून दोरा कंपनीचे झाडून सगळे शेअर बाजारात गेले आणि खपलेही.

घरात हे कळलं दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी. नाना पलंगावर टेकून बसले होते. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यातही मोतीबिंदू, त्यामुळे फोन वाचणं बंद. थोरला मुलगा शेजारी बसून आलेले मेसेज वाचून दाखवत होता.

"विजेचं बिल भरलं गेलं. दवाखान्याची पावती आलीय. आणि..." थोरला थांबला. "नाना, त्या कंजूष ब्रोकरचा मेसेज आहे. त्याच्याकडचे दोऱ्याचे शेअर विकले गेलेत. सगळे."

"कोणी विकले? मी काल कुठे होतो ते जगाला ठाऊक आहे!"

"तेच म्हणतो मी. फोन काल तुमच्याकडे नव्हताच."

"मग कुणाकडे होता?"

थोरला फोनकडे बघत राहिला. उत्तर दारात उभ्या असलेल्या सुनेनं दिलं. "वन्संकडे होता. दिवसभर त्यांच्याच पर्समध्ये."

ते शेअर नानांच्या बायकोचे होते. ती शिवणकाम करायची. ज्या कंपनीचा दोरा मशीनला लावायची, त्याच कंपनीचे शेअर थोडेथोडे करून तिनं आयुष्यभर घेतले. ती गेल्यावर नानांनी तिचं मशीन देऊन टाकलं, कपडे देऊन टाकले, पण शेअर मात्र एकही विकला नाही. घरात त्या शेअरांना कुणी पैसे म्हणत नसे, 'आईचे' म्हणत.

दुपारी धाकटी लेक आली. "नाना, डोळा दुखतोय का?" एवढंच ती म्हणाली, आणि नाना तिच्यावर बरसले.

"आईच्या वस्तूला हात घालताना लाज नाही वाटली? पैसे हवे होते तर मागायचेस! शुक्रवारी सकाळी पोलिसांत तक्रार देतोय मी. तोवर खरं सांगायचं असेल तर सांग. नाही तर या घराची पायरी चढू नकोस."

धाकटी रडली नाही, भांडलीही नाही. आली तशी मागे फिरली, तडक आत्याच्या घरी गेली आणि दार ठोठावू लागली.

२

आत्या म्हणजे नानांची थोरली बहीण. विमा कंपनीत लोकांचे दावे खरे की खोटे, हे तपासण्यात तिची सगळी नोकरी गेली. न जळलेली गोदामं, न झालेले अपघात, कागदावर मेलेली आणि घरात पत्ते कुटत बसलेली माणसं, सगळं पाहून झालं होतं. बाई निवृत्त झाली, पण तिचं नाक निवृत्त झालं नाही, असं नानाच म्हणत.

"आधी पाणी पी," आत्या म्हणाली. "आता एकदाच विचारते, परत विचारणार नाही. तू विकलेस?"

"नाही."

"फोन उघडलास?"

"एकदाही नाही. दवाखान्यात आवाज बंद करायला सांगितला, तो केला आणि पर्समध्ये टाकला. संध्याकाळी दादा आला. त्याच्या हातात फोन दिला, औषधं समजावली आणि घरी गेले. त्यानंतर तो फोन मी पाहिलेलासुद्धा नाही."

"मग खापर तुझ्याच डोक्यावर का?"

"विक्रीचे पैसे नानांच्या आणि माझ्या जोडखात्यात जमा झालेत ना. शिवाय दोन वर्षांपूर्वी मी बाजारात हात पोळून घेतले होते. ते कोणी विसरलेलं नाही." धाकटी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. नखांत अजून पांढरं प्लास्टर होतं, तेच ती कोरत बसली होती. "पोलिसांत नाव गेलं की लॅबवाले मला ठेवणार नाहीत. तेही जाऊ दे. आत्या, नानांनी मला विचारलंच नाही गं. तू केलंस का, एवढंसुद्धा नाही."

आणि आता मात्र तिला रडू आवरेना. आत्याला भयंकर राग आला, आणि तो सगळा आपल्या भावाचा आला. तिनं चष्मा घेतला, पायात चपला सरकवल्या आणि धाकटीला तिथंच बसवून ती निघाली.

३

"अक्का, तू मध्ये पडू नकोस," नाना पलंगावरूनच गुरगुरले.

"पडले कधीच. मला सांग, तीन-तीन ब्रोकर कशाला लागतात रे तुला? लोकांना एक पुरतो."

हा प्रश्न नानांच्या आवडीचा होता. जुन्या ब्रोकरनं दुकान बंद केलं, तेव्हा शेअर कुठं ठेवायचे हा पेच पडला. दुसरा कोणी असता तर शेजाऱ्याला विचारून मोकळा झाला असता. नाना जन्मभर कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढलेले. साधा स्क्रूसुद्धा पारखून घेणारा माणूस. त्यांनी तीन ऑनलाइन ब्रोकरांकडे खाती उघडली, शेअर तिघांत सारखे वाटले आणि तीन महिने परीक्षा लावली. तिघांना नावंही ठेवली. 'कंजूष' हा सगळ्यांत स्वस्त, दलाली नाममात्र, पण बोलायला माणूस नाही, प्रश्न विचारला की यंत्र उत्तर देतं. 'साहेब' हा बँकेचा, महाग, आणि शिंकायचं झालं तरी फॉर्म भरून घेणारा. 'गोडबोल्या' त्याहून महाग, पण त्याचा सल्लागार घरी येतो, तब्येत विचारतो आणि जाता जाता चार शेअर गळ्यात मारतो. हा सल्लागार सुनेचा सख्खा भाऊ.

"दलाली, वर्षाची फी, पैसे परत किती दिवसांत मिळतात, अक्षर किती मोठं दिसतं, सगळ्याचे गुण दिलेत," नाना म्हणाले. "नुसत्या जाहिराती वाचून निवडणारा मी नव्हे. प्रत्येकाकडे एकेक शेअर विकायलाही लावून पाहिला."

"आईचे शेअर? विकायला?"

"एकेकच! आणि मुद्दाम न मिळणाऱ्या भावाला. नुसतं बटण कसं चालतं ते बघायला. संध्याकाळी आपोआप रद्द झालं. साहेबाचा मेसेज आला, गोडबोल्याचा आला."

"आणि कंजूषचा?"

"तोही आला असेल. दोघांचं झालं म्हणजे तिसऱ्याचं झालंच. अक्का, उगाच फाटे फोडू नकोस. काल कोणी विकले ते बोल."

आत्यानं थोरल्याकडून फोन घेतला. अॅप उघडायचा आकडा घरात सगळ्यांना पाठ होता. विक्रीला दरवेळी वेगळी परवानगी लागू नये म्हणून नानांनी तिन्ही ठिकाणी आधीच सही करून ठेवली होती. म्हणजे फोन ज्याच्या हातात, त्याला रान मोकळं. तिनं कंजूषचे मेसेज पाहिले. खातं उघडल्याचा होता, शेअर जमा झाल्याचा होता. तिथंच ते संपत होते.

"विकले काय भावानं?" तिनं विचारलं.

"पाचशे," थोरला म्हणाला.

"पाचशेला किती कमी, किती जास्त?"

"बरोबर पाचशे. कोणी मोठी कंपनी दोरा कंपनी विकत घेतेय अशी अफवा उठली मंगळवारी. चारशे तीसवरून उसळला, पाचशेला शिवला आणि खाली आला. आज चारशे चाळीस आहे."

"म्हणजे चोरानं शिखरावर जाऊन विकले, आणि पैसे ठेवले मालकाच्याच बँकेत," आत्या म्हणाली. "असला चोर मला तीस वर्षांत भेटला नाही. आणि तिन्ही अॅप एकाच फोनवर असताना यानं एकच का लुटलं?"

थोरल्यानं फोन परत घ्यायला हात पुढे केला. फोन हातात येताच त्यानं तो खिशात घातला.

४

गुरुवारी सकाळी आत्यानं सल्लागाराला त्याच्या कचेरीत गाठलं. काचेची खोली, भिंतीवर हिरवे-लाल आकडे, आणि टेबलामागं हा गडी, कॉलरचं बटण लावून.

"तुझ्यावर संशय आहे माझा," आत्यानं थेट तोफ डागली. "कंजूषच्या खात्यात गडबड झाली की नाना घाबरून तुझ्याकडे येणार."

तो हसला, पण हसू काही जमलं नाही. "आत्या, मला विकायचंच असतं तर आमच्याकडचे विकले नसते का? दलाली तरी मिळाली असती. आणि मंगळवारी मी दिवसभर इथं होतो, पंचवीस माणसांत. नानांच्या फोनला मी हात लावणार कसा?"

"पण नाना तुझ्याकडे यायला हवेत, हे खरं ना?"

सल्लागारानं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खोटं कशाला बोलू? महिनाअखेर मोठं खातं आणलं नाही तर माझी खुर्ची जाते. ताईला माहीत आहे. दाजींनाही माहीत आहे. दाजी म्हणाले, बघतो काहीतरी."

आत्या तिथून निघाली ती थेट सुनेकडे. सून भाजी निवडत बसली होती.

"मंगळवारी संध्याकाळी दवाखान्यातून फोन कोणी आणला गं?"

"ह्यांनी. रात्री आमच्याच खोलीत चार्जिंगला होता. ह्यांनी बघितला तेवढाच, मी हात लावला नाही, शपथ!" सून घाईनं म्हणाली. मग हातातली जुडी खाली ठेवली. "आत्या, तुम्ही असं का बघताय? शेअर तर मंगळवारी दुपारीच विकले गेले. तेव्हा हे दुकानात होते. दहा गिऱ्हाइकं सांगतील."

खरंच होतं. थोरला विजेच्या सामानाच्या दुकानात, सल्लागार कचेरीत, सून घरात, नाना टेबलावर. फोन एकट्या धाकटीच्या पर्समध्ये. आत्या जिकडून जाईल तिकडून वाट त्या पर्सपाशीच येऊन थांबत होती. घरी परतताना तिच्या मनात आलं, पोरगी खोटं तर बोलत नसेल?

५

धाकटी तिथंच होती. जेवली नव्हती.

"आत्या, काही सापडलं?"

"अजून नाही. गप्प बस जरा," आत्या खेकसली, आणि लगेच तिला वाईट वाटलं. पण शंका एकदा शिरली की सुखानं बसू देत नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आत्या स्वतः कंजूषची जुनी गिऱ्हाईक होती. दोघांचा स्वभाव जुळायचा. पण तिनं त्यात आजवर फक्त शेअर घेतले होते, विकला एकही नव्हता. ती खुर्चीत बसली आणि मनाशी म्हणाली, नानानं जे केलं ते आपण करून पाहू. बाजार अजून चालू होता. तिनं आपल्याकडचा एक साबणाच्या कंपनीचा शेअर निवडला. 'अमुक भाव आला की विक' असं सांगायचं बटण दाबलं, चालू भावाच्या किंचित वरचा आकडा घातला, आणि ऑर्डर टाकणार एवढ्यात तिचं बोट हवेत थांबलं.

किती शेअर, या चौकटीत कंजूषनं स्वतःच आकडा भरून ठेवला होता. तिच्याकडचे होते नव्हते तेवढे सगळे.

"अगं बाई!" आत्या ओरडली.

आकडा बारीक होता, फिकट होता. तिनं चष्मा लावून वाचला म्हणून दिसला. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तिथं कोरी पाटी दिसली असती. तिनं तो पुसून एक केला. ऑर्डर टाकली आणि खालची ओळ वाचली. 'ही ऑर्डर वर्षभर उभी राहील.'

वर्षभर! साहेबाची आणि गोडबोल्याची ऑर्डर संध्याकाळी मेली. कंजूषची उभीच होती.

धाकटी खुर्चीमागे येऊन उभी राहिली. दोघी फोनकडे बघत बसल्या. भाव वर सरकला, खाली आला, पुन्हा वर आला. आणि आत्याचा फोन वाजला. मेसेज होता. 'तुम्ही ठरवून ठेवलेल्या भावाला तुमचा शेअर विकला गेला.'

आत्यानं तो दोनदा वाचला. मग डोळे मिटून घेतले. विक्री कशी झाली ते तिला कळलं होतं, पण त्यामागून आणखी एक गोष्ट कळली, आणि ती तिला मुळीच कळायला नको होती.

६

शुक्रवारी सकाळी नाना कपडे करून तयार होते. तक्रार लिहून झाली होती. थोरल्याच्या हातात गाडीची किल्ली होती. आत्या आली आणि दारातच उभी राहिली.

"बाजूला हो, अक्का."

"होते. आधी सांग, तू ते एकेक शेअर विकायला लावलेस, ते काय भावाला?"

"पाचशे. जन्मात येणार नाही म्हणून तोच..." नाना बोलता बोलता थबकले.

"चोर घाईत असतो रे नाना. मिळेल त्या भावाला विकतो आणि पळतो. बरोबर पाचशेला विकायला आधीपासून दबा धरून बसावं लागतं. तुझी ऑर्डर बसली होती. त्या दोघांकडची संध्याकाळी रद्द होते, कंजूषकडची वर्षभर जागी राहते. म्हणून फक्त कंजूषचे गेले. मंगळवारी फोन कुणाकडे होता याला काही अर्थच नाही."

"पण मी एकच शेअर लावला होता!"

"चौकट कोरी सोडली की एकच जाईल असं तुला वाटलं. चौकटीत सगळ्यांचा आकडा आधीच भरलेला असतो. तुला दिसला नाही. तुला कधीपासून दिसत नाहीये, हे तू आम्हाला सांगितलंस का?"

नाना मटकन खाली बसले. आत्यानं नानांचा फोन मागितला. कंजूषमध्ये एका कोपऱ्यात ठरवून ठेवलेल्या ऑर्डरींचं पान असतं. काल स्वतःची विक्री शोधताना ते तिला सापडलं होतं. ते उघडून तिनं सुनेला मोठ्यानं वाचायला लावलं. ऑर्डर टाकल्याची तारीख ऑपरेशनच्या कितीतरी आधीची होती. भाव पाचशे. संख्या सगळी.

"चला, म्हणजे कोणाचीच चूक नाही," थोरला घाईनं म्हणाला. "झालं ते झालं. मी फोन करतो धाकटीला."

"थांब," आत्या म्हणाली. "काल माझा शेअर असाच विकला गेला, तेव्हा कंजूषचा मेसेज आला. 'तुम्ही ठरवून ठेवलेल्या भावाला' असं चक्क लिहिलेला. नानाच्या फोनवरही आलाच असणार. आला होता ना? बुधवारी सकाळी तूच वाचून दाखवलास."

"हो... म्हणजे विकले गेले एवढंच होतं त्यात."

"मग दाखव. बुधवारी संध्याकाळी मी फोन पाहिला तेव्हा तो नव्हता. धाकटीनं पुसला म्हणशील, तर तू वाचलास तेव्हा फोन तुझ्या हातात होता आणि त्यानंतर तिला या फोनचं दर्शनही झालेलं नाही. आणि ती कशाला पुसेल? तिला वाचवणारी जगातली एकच गोष्ट होती ती!"

सून नवऱ्याकडे बघत होती.

"मी मंगळवारी रात्रीच वाचला होता," थोरला शेवटी म्हणाला. "मला वाटलं, नाना कंजूषवर चिडतील आणि सगळं गोडबोल्याकडे देतील. हिच्या भावाची नोकरी वाचेल. म्हणून अर्धाच वाचला आणि मग पुसून टाकला. धाकटीचं नाव माझ्या तोंडून नाही गेलं, आत्या. नानांनीच..."

"नानांनीच घेतलं. आणि तू तीन दिवस ऐकत बसलास. आज तर गाडी काढून तिला पोलिसांत पोचवायला निघाला होतास!"

थोरल्यानं तोंड फिरवलं. "बोलायचं ठरवलं होतं रोज. मग वाटायचं, आता उशीर झाला."

"तुझं नंतर पाहू," नाना म्हणाले. त्यांनी चाचपडत काठी शोधली आणि उठले. "अक्का, मला तिच्याकडे ने."

७

धाकटीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. आदल्या संध्याकाळी आत्याकडून ती तिथंच परतली होती. जिन्यात उजेड कमी. नाना भिंत धरून चढत होते. आत्यानं हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला. मग एका पायरीला ठेच लागली, आणि त्यांनी मुकाट्यानं हात धरला. एवढ्या वर्षांत या माणसानं आधार घेतलेला आत्या पहिल्यांदा पाहत होती.

धाकटीनं दार उघडलं. बापाला पाहिलं, आत्याला पाहिलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"माझीच ऑर्डर होती," नाना म्हणाले. "माझी चूक. मला दिसत नव्हतं, आणि ते मी लपवलं. तक्रार फाडली. आणि दादानं मेसेज पुसला, तेही कळलं. माझं चुकलं, बाळ."

"मला काल दुपारीच कळलं, नाना. ऑर्डर तुमची, हे तरी. आत्याचा शेअर विकला गेला तेव्हा मी तिथंच होते."

"मग फोन का नाही केलास?"

"तुम्ही मला विचारायला याल का, ते बघत होते." तिनं दाराची चौकट धरली. "आत्याला सापडलं म्हणून आलात. तिला सापडलं नसतं तर, नाना?"

आत्या जिन्यातच थांबली. तिच्या मनात आलं, काहीतरी गोड बोल रे बाबा. म्हण की मला मनातून खात्री होती, पट्टी निघाली की तुलाच बोलावणार होतो. पोरीला तेवढंच हवं असतं.

उघड्या डोळ्याला नीट दिसत नव्हतं, तरी नानांनी मान वर करून लेकीच्या चेहऱ्याकडेच पाहिलं.

"तर मी आज तक्रार दिली असती," ते म्हणाले. "आणि मरेपर्यंत तुला चोर समजत राहिलो असतो."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. आत्यानं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण पोरगी दारातून हलली नाही, तिनं दारही लावलं नाही. नाना खाली न बघता, काठीवर भार टाकून, मिळेल ती शिक्षा घ्यायला उभे होते.

"खरं बोललात," ती शेवटी म्हणाली. मग तिनं त्यांचा काठीचा हात धरला. "पायाखाली बघा. इथं उंबरा आहे."